आधी ब्लँक लाव

पाटणकर मॅडमनी मला दिल्लीत उभं केलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की ही बाई कृतघ्न दिसते. तशी मी नाही. पण त्यांच्या हाताखाली ज्यांनी काम केलं त्यातल्या कुणालाही विचारा. उपकार आणि वैताग त्या एकाच पळीने वाढायच्या, आणि ताटात कुठला आधी पडेल याचा नेम नसायचा.

डॉक्टर विजया पाटणकर मूळच्या पुण्याच्या. दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत स्फोटकांच्या विभागात केमिस्ट होत्या. कुठे स्फोट झाला की तिथली माती, पत्र्याचे तुकडे, फाटलेले कपडे, आणि पोलिसांनी पकडलेल्या माणसांच्या हातांवरून फिरवलेले कापसाचे बोळे असं सगळं मोहोरबंद होऊन त्यांच्या टेबलावर यायचं. त्यात स्फोटकाचा अंश आहे का, असेल तर कुठल्या स्फोटकाचा, हे त्यांनी सांगायचं. मी त्याच विभागात काचेची भांडी धुवायची. रोजंदारीवर.

मी वर्ध्याकडची. आई गेली तेव्हा आठवीत होते, धाकटी भावंडं सांभाळायला शाळा सोडली ती सोडलीच. लग्न होऊन नोएडाला आले. नवरा टेपरेकॉर्डरच्या कारखान्यात होता. मग बाजारात बाहेरचे चकचकीत स्वस्त टेपरेकॉर्डर आले आणि त्याच्या कारखान्याला कुलूप लागलं. आमच्या खोलीच्या चारी बाजूंनी तेव्हा नवे सेक्टर उठत होते, गच्च्यांवर केबलच्या तारा, रस्त्यावर कोल्ड्रिंकच्या पाट्या. सगळ्यांचं काहीतरी नवं सुरू होत होतं आणि आमचं होतं ते बंद पडलं होतं. मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमध्ये धुणीभांडी धरली. बसने दोन्ही वेळचा रस्ता, सोबत पोरगी.

तिथल्याच जिन्यात एकदा पोरीला दटावत होते, तर वरून आवाज आला, "मराठी का?"

वर बघितलं. किडकिडीत बाई, जाड चष्मा, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली.

"हो बाई."

"शिक्षण?"

"आठवी सोडली."

"काचेची भांडी फुटतात का हातून?"

"फुटतात कधीकधी."

"फुटली की लपवतेस?"

"लपवून कुठे ठेवू? काचच ती."

"उद्या माझ्याबरोबर ऑफिसला ये," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मला वाटलं ऑफिसात चहाचे कप धुवायचे असतील. आमच्या घरात तो महिना कसा निघाला असता, कोण जाणे. नवरा म्हणाला होता, अजून काही जमलं नाही तर गावाकडे परत जाऊ. गावाकडे आमचं होतं काय? दिराच्या घरातली एक पडवी. आणि पोरीचं नाव नोएडाच्या शाळेत घातलं होतं.

तर अशी मी कामाला लागले, आणि पहिल्याच दिवशी मला त्यांचा खरा स्वभाव कळला. मी भांडी धुऊन, निथळून ठेवली. मॅडमनी एक परीक्षानळी उजेडात धरली, हुंगली आणि परत माझ्या हातात दिली. "पुन्हा."

पुन्हा धुतली. "पुन्हा."

"मॅडम, आता स्वच्छ आहे."

"कशावरून?"

"दिसतंय ना. मला वाटतं..."

"शोभा, ‘वाटतं’ बाहेर चपलांपाशी काढून ठेवत जा. आत आणू नकोस."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की माझी पोरगी घरी माझ्यावरच उलटायची. आई, पोळी कच्ची आहे. नाही गं, मला वाटतं झाली. ‘वाटतं’ चपलांपाशी ठेव.

त्यांचा सगळा संसार एका शब्दावर चालायचा. ब्लँक. पोलिसांकडून दहा बोळे आले की मॅडम त्यांच्याबरोबर अकरावा घ्यायच्या, कोरा, कशालाही न लागलेला. त्याला अंश विरघळवायचं तेच अ‍ॅसिटोन, तीच भांडी, तीच सगळी पूजाअर्चा. दहांवर काय आहे ते बघण्याआधी कोऱ्यावर काही नाही ना, ते बघायचं. कोऱ्यावरच काही उमटलं तर ती घाण आपली, प्रयोगशाळेची, आणि मग त्या दहांबद्दल बोलायचा आपल्याला हक्क नाही. ऐकायला सोपं आहे. पण मॅडम ते ऑफिसात ठेवून घरी जात नसत, तिथे पंचाईत होती.

सरोजिनी नगरच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर भाजी आणायला गेले आहे, म्हणून सांगते. तागडीत बटाटे टाकण्याआधी त्या म्हणायच्या, "भैया, पहले खाली तराजू दिखाओ." तो रिकामा तराजू उचलून धरायचा. मग पारडी अदलाबदल करायला लावायच्या. मागे बायकांची रांग. एक भाजीवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "हटो हटो, मॅडमजी आ गईं, पहले हवा तुलेगी." मॅडमना त्यातला टोमणा कळायचाच नाही. त्या म्हणायच्या, "बघ, हा शिकला."

कुणी कुणाची चुगली केली तरी तेच. आमचा शिपाई रामफल एकदा सांगत आला की स्टोअरचा बाबू चोर आहे, साहेबाला बघितलं की घाबरतो. मॅडम म्हणाल्या, "जो चोर नहीं है, वो साहब को देख के क्या करता है?" रामफलने विचार केला. "वो भी घबराता है जी." "तो फिर?" रामफल निघून गेला, आणि दिवसभर मला म्हणत राहिला, तुम्हारी मॅडम से तो बात करना ही गुनाह है.

दिवाळीनंतर तर आम्ही सगळे अस्पृश्य व्हायचो. ज्याने फटाके उडवले, ज्याच्या पोराने उडवले, ज्याच्या शेजाऱ्याने उडवले, त्याने आतल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. खतातही स्फोटकातला पदार्थ असतो, म्हणून बागेतल्या माळ्याने खताला हात लावला असेल तर त्याने आमच्या दाराची कडी धरायची नाही. अत्तर नको, क्रीम नको, मेंदी नको. नवं लग्न झालेली एक टायपिस्ट मेंदीच्या हातांनी मिठाई घेऊन आली तर तिला दारातच थांबवून म्हणाल्या, "अभिनंदन. डबा तिथेच ठेवा." ती मुलगी रडत गेली. मी मागून जाऊन तिची समजूत घातली. असली कामं मला पगाराशिवाय करावी लागत.

आणि ते नवं मशीन. परदेशातून आलं होतं, एवढाल्या खोक्यातून. त्याला गारव्याची वेगळी खोली मिळाली, आम्हाला पंखेसुद्धा धड नव्हते. वाफ करून पदार्थ वेगवेगळे काढायचे आणि प्रत्येकाची रेघ कागदावर उमटवायची, असं काहीतरी ते करायचं. सगळ्या ऑफिसने ठरवलं, दसऱ्याला सुट्टी असली तरी येऊन मशीनची पूजा करायची. उपसंचालक खन्ना साहेब स्वतः आले. नारळ फोडला, मशीनला टिळा लावला, अगरबत्त्यांचा जुडगा पेटवला. मॅडम त्या दिवशी आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी आल्या, कोरा नमुना लावला, आणि कागदावर रेघांचं जंगल उगवलं.

"पूजा कोणी केली?"

सगळ्यांनी साहेबांच्या दाराकडे बघितलं. मॅडम खन्ना साहेबांच्या खोलीत गेल्या आणि अगरबत्तीच्या पुड्यातली एक काडी मागून आणली. तिचाही नमुना लावला. रेघा जुळल्या. तो कागद त्यांनी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "सर, ये आपका भगवान." खन्ना साहेब हे विसरले नाहीत. अशी माणसं विसरत नाहीत, हे मॅडमना कोणी सांगायचं? मी सांगितलं. म्हणाल्या, "तुला काय करायचंय? तू भांडी धू."

त्या दसऱ्याला मी मात्र पांढरी साडी नेसून आले होते. आमच्याकडे तो दिवस धम्मदीक्षेचा, पांढरं नेसायचं. ऑफिसात दोघीतिघींनी नाकं मुरडली, सणाच्या दिवशी हे काय म्हणून. मॅडमना दुसऱ्या दिवशी हे कोणीतरी सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "पांढरं सुती? उत्तम. रंग सुटत नाही. रोज नेसत जा." यात त्यांनी माझी बाजू घेतली की नाही, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. 

त्या हिवाळ्यात दिल्लीत अशी थंडी पडली की नळाचं पाणी हाताला चावायचं. मी सिंकपाशी पदर गुंडाळून कुडकुडत उभी असायची. स्वेटर घ्यायचा म्हणजे पोरीची फी राहणार. एके सकाळी मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता ‘पुन्हा’ येणार. तर त्यांनी पिशवीतून एक तपकिरी स्वेटर काढला, लोकरीचा, समोर दोन मोठे खिसे. "हा घाल. मला नको आहे. दोनदा धुतलाय." आणि मी काही बोलायच्या आत तोंड फिरवून गेल्या. त्यांनी कुणाला काही दिलेलं ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, बघ, बाई तशी वाईट नाही.

काही आठवड्यांनी एक मोठी केस आली. संशयित माणूस कोठडीत होता, पोलिसांचा अधिकारी दररोज फोन करायचा, त्यांना रिपोर्ट हवा होता. मॅडमनी बोळे लावले. माणसाच्या हाताच्या बोळ्यावर आरडीएक्सची पुसट खूण उमटली. आणि तशीच पुसट खूण उमटली कोऱ्या बोळ्यावर.

मॅडमनी काम थांबवलं. विभागाला जणू सुतक लागलं.

खन्ना साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या मते गोष्ट सरळ होती. "भांडे कौन धोता है? डेली वेज वाली. आठवीं पास भी नहीं. हटाओ, दूसरी लाओ, दोबारा करो." मी दारात उभी होते. डोळ्यांसमोर दिराची पडवी आली, आणि पोरगी दप्तर घेऊन तिथे बसलेली.

मॅडम म्हणाल्या, "हो सकता है." माझ्याकडे न बघता. "लेकिन पता नहीं है अभी. पता करते हैं."

हो सकता है. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा खन्ना साहेबांचाही आला नाही. एखादी बाई म्हणाली असती, नाही, माझी शोभा असं करणार नाही. पण ते ‘वाटतं’ झालं असतं ना. ते चपलांपाशी.

मग त्यांनी शोध सुरू केला. नळाच्या पाण्याचं ब्लँक. अ‍ॅसिटोनच्या प्रत्येक बाटलीचं ब्लँक. कापसाचं, चिमट्यांचं, सिंकच्या कडेचं, दाराच्या कडीचं. रामफलच्या टॉवेलचं, त्यावरून त्याचं आणि मॅडमचं वाजलं. पोलिसांचे फोन येत होते, खन्ना साहेब चिठ्ठ्या पाठवत होते, मॅडम डबा उघडायलाही विसरायच्या. पाणी स्वच्छ, अ‍ॅसिटोन स्वच्छ, कडी स्वच्छ. मग म्हणाल्या, "शोभा, हात."

मी हात पुढे केले. त्यांनी बोळा फिरवला. बोटांच्या फटीतून, नखांखालून, एखाद्या परक्याच्या हातावरून फिरवावा तसा. आणि माझ्या हातांवर खूण उमटली. कोऱ्यापेक्षा ठळक.

मला रडू फुटलं. "मॅडम, मी कशाला हात लावला नाही हो. पोरीची शप्पथ."

"रडू नकोस. आणि टेबलापासून लांब हो, नमुन्यात पडेल." मग खुर्ची ओढून बसल्या. "सकाळपासून काय करतेस ते सांग. सगळं. चहा घेतेस तेही."

मी सांगत गेले. बस, गेट, पदर खोचणं, पाणी, भांडी. हात पुसायचं फडकं खिशात ठेवते, मध्येमध्ये काढते, पुसते, परत ठेवते.

"कुठल्या खिशात?"

"या." मी स्वेटरच्या उजव्या खिशावर हात ठेवला.

मॅडमचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. नळ, कडी, रामफलचा टॉवेल, सगळं तपासलं होतं. त्या स्वेटरचं ब्लँक मात्र त्यांना सुचलंच नव्हतं, कारण तो त्यांनीच दिला होता. त्यांनी चिमट्याने खिशाच्या तळातली लोकर उपटली. कागदावर जी खूण आली ती बघायला चष्माही लागला नसता.

मागच्या हिवाळ्यात एका स्फोटाच्या जागेवर त्या हाच स्वेटर घालून गेल्या होत्या. गर्दी, धूर, आरडाओरडा. वापरलेले हातमोजे टाकायला जागा मिळाली नाही म्हणून त्यांनी ते खिशात कोंबले होते. आणि जागेवर घातलेले कपडे या इमारतीत आणायचे नाहीत हा नियम त्यांनीच केला होता, त्यांच्याच अक्षरातला कागद दारावर चिकटवलेला होता. पण दोनदा धुतला होता, वर्ष उलटलं होतं, आणि समोर एक बाई कुडकुडत होती. त्यांना ‘वाटलं’ चालेल.

खन्ना साहेबांच्या खोलीत मलाही बोलावलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा पुसत सावकाश म्हणाले, "तो पाटणकर जी, स्वेटर इस लडकी का निकला. रिपोर्ट में यही लिखिए. बाकी किसका था, कहाँ से आया, ये तो किसी ने पूछा नहीं है."

विभागप्रमुखाची जागा त्या महिन्यात भरायची होती. मॅडमचं नाव वर होतं, हे रामफलपासून सगळ्यांना माहीत होतं. साहेब दार उघडून देत होते, हे मला आठवी सोडलेलीलाही कळलं. मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

"आप पूछिए," मॅडम म्हणाल्या.

"क्या?"

"स्वेटर किसका है. पूछिए, तो मैं बताती हूँ."

साहेबांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"मेरा है. साइट का है. मैंने इसको दिया. इसका कुछ भी नहीं है उसमें. ये भांडे ठीक धोती है." जरा थांबून म्हणाल्या, "अभी ठीक धोती है. पहले नहीं धोती थी."

एवढ्यातही ते शेवटचं वाक्य त्यांना गिळवलं नाही.

स्वेटर मी घातला त्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट त्यांनी स्वतः मागे घेतले. जे कोर्टात गेले होते तिथे लिहून कळवलं की आमच्याकडून चूक झाली आहे, कुणाकडून तेही लिहिलं. नियमाने मोहोरबंद राखून ठेवलेले बोळ्यांचे उरलेले अर्धे भाग काढून नव्या भांड्यांत सगळं पुन्हा केलं. ऑफिसात लोक दातओठ खात होते, त्यांच्यामुळे सगळ्यांच्या सुट्ट्या बुडाल्या. कोठडीतल्या त्या माणसाचा उरलेला बोळा स्वच्छ निघाला. मी म्हटलं, म्हणजे तो निर्दोष आहे ना मॅडम? माझ्यावर खेकसल्या. "बोळ्यावर काही नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. माणूस कसा आहे ते बोळा सांगत नाही. आणि खिशात फडकं ठेवतं का कुणी? खिसा त्यासाठी असतो?"

माझी नोकरी राहिली. पुढे कायमही झाले, ती वेगळी रखडकथा आहे. विभागप्रमुख दुसरेच झाले. मॅडमना प्रयोगशाळेतून काढून पोलिसांना नमुने कसे गोळा करायचे ते शिकवायला गावोगाव पाठवायला लागले. शिक्षाच ती. पुढच्या थंडीत त्यांनी मला बाजारातून नवा स्वेटर आणून दिला. त्याचं ब्लँक लावून, मगच.

पोलिसांच्या त्या वर्गांना त्या मलाही मदतीला नेत. शेवटचा वर्ग पानिपतला झाला, निवृत्तीच्या थोडा आधी. पोलीस ठाण्याच्या अंगणात सतरंजीवर वीस-पंचवीस शिपाई बसलेले, उन्हाकडे पाठ करून, निम्मे पेंगत. मी बाजूला बोळ्यांची पाकिटं मांडत होते. मॅडम उभ्या राहिल्या, गुडघे दुखत होते म्हणून एक हात टेबलावर, आणि आपल्या पुणेरी हिंदीत सुरू झाल्या.

"एक साइंटिस्ट बाई थी. बहुत हुशार. सबको डांटती थी."

शिपाई जागे झाले. मॅडमनी सगळं सांगितलं. नियमाचा कागद, खिसा, हातमोजे, थंडी. माझं नाव घेतलं नाही. एका मिशीवाल्या हवालदाराने विचारलं, "जनाब, फिर उस बाई का क्या हुआ?"

"कुछ नहीं. अभी भी सबको डांटती है."

सगळं अंगण हसलं. मॅडमही हसल्या, मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. मग मागच्या एका पोराने विचारलं, "उसने स्वेटर देना नहीं चाहिए था, है ना जी?"

मॅडमनी चष्मा काढला, परत घातला. "देना चाहिए था," त्या म्हणाल्या. "जाँच के देना चाहिए था." आणि लगेच त्याच्यावरच ओरडल्या, "पाकिट सील करो, बातें मत करो." पाठीवर ऊन घेऊन त्या रांगेतून चालत गेल्या, एकेकाच्या हातातलं पाकीट उचलून बघत, परत देत. त्यानंतर त्या पुण्याला बहिणीकडे गेल्या. मी त्यांना पुन्हा बघितलेलं नाही.

फोन करते. म्हणतात, उगाच बिल वाढवू नकोस. बहीण आता नाही, गुडघे पार गेलेत, स्वयंपाकाला ठेवलेल्या बायका महिन्याभरात पळून जातात. का पळतात ते मी समजू शकते. माझी नोकरी पुढच्या वर्षी संपते. पोरगी आपल्या पायावर उभी आहे, नवऱ्याला मी सांगून ठेवलंय. मॅडम, मी तुम्हाला न विचारता येणार आहे. विचारलं तर तुम्ही ‘कशाला’ म्हणाल, आणि तुमच्या ‘कशाला’ला माझ्याकडे कधीच उत्तर नसतं. तुमच्या स्वयंपाकघरात मी उभी राहीन, आणि तुम्हाला हवं तेवढं तुम्ही माझ्यावर ओरडा. मी पळून जाणार नाही.